रूल फाइव्ह ड्राफ्ट: सर्वांत गुणी पोरगा की सव्विसावी जागा?

अमेरिकन बेसबॉलबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘आमची टीम यंदा शेवटून चौथी आली. चाळीसच्या रोस्टरमध्ये, म्हणजे क्लबने राखलेल्या चाळीस खेळाडूंच्या यादीत, दोन जागा मोकळ्या आहेत. डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टसाठी, म्हणजे एकमेकांचे न राखलेले खेळाडू उचलण्याच्या निवडीसाठी, इतर क्लबांनी जे खेळाडू उघडे सोडलेत, त्यांत प्रॉस्पेक्टच्या, म्हणजे होतकरू पोरांच्या, याद्यांमध्ये नाव असलेले पाच-सहा जण दिसतात. त्यांतला सर्वांत गुणी कोण, हे कसं ओळखायचं?’

मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पातळ्यांवरच्या, खेळाडूंचे अहवाल लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत मी जवळपास दुसरं काही करतच नाही. त्या जोरावर सांगतो, ‘सर्वांत गुणी कोण’ हा प्रश्न जुलैच्या, नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टला विचारायचा. डिसेंबरमध्ये आधी आपल्या घरात बघायचं: पुढच्या हंगामात मेजरमध्ये प्रत्यक्ष खेळणाऱ्या आपल्या सव्वीस जणांतली कोणती जागा आपण सहा महिने अडकवून ठेवू शकतो? ती जागा ठरली की मग तिथे बसणारा माणूस शोधायचा. या क्रमाने गेलात तर पाच-सहा नावांपैकी तीन-चार आपोआप गळतात, आणि याद्यांमध्ये कुठेच नसलेली दोन-तीन नावं वर येतात.

नियम माहीत असतील, तरी एकदा उजळणी करू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत करार केलेल्या खेळाडूला पाच हंगामांनंतर आणि एकोणीस किंवा त्याहून मोठ्या वयात करार केलेल्याला चार हंगामांनंतर चाळीसच्या रोस्टरमध्ये घ्यावं लागतं. नाही घेतलं तर दुसरा कुठलाही क्लब १,००,००० डॉलर मोजून त्याला उचलू शकतो. उचलणाऱ्या क्लबने त्याला पुढचा पूर्ण हंगाम सव्वीसच्या रोस्टरमध्ये ठेवायचं, मायनरमध्ये पाठवायचं नाही. नकोसा झाला तर आधी वेव्हर्सवर टाकायचा (म्हणजे बाकीच्या क्लबांपुढे ठेवायचा), तिथे कोणी घेतला नाही तर मूळ क्लबला ५०,००० डॉलरला परत घेण्याची संधी द्यायची. जायबंदी यादीत बसवून वर्ष काढायची युक्तीही चालत नाही, किमान ९० दिवस तो प्रत्यक्ष रोस्टरवर हवा. अँथनी सँटँडरचं असंच झालं. ओरिओल्सने त्याला २०१६ च्या डिसेंबरमध्ये क्लीव्हलँडकडून घेतलं, २०१७ चा त्याचा बहुतेक हंगाम दुखापतीत गेला, आणि उरलेले दिवस ओरिओल्सना २०१८ मध्ये भरून द्यावे लागले. पुढे २०२४ मध्ये त्याने ४४ होमरन मारले, म्हणजे थांबणं वसूल झालं. पण ते थांबणं परवडलं, कारण त्या काळात ओरिओल्सकडे हरण्यासारखं फार काही उरलं नव्हतं.

लाख डॉलर बघून कोणी घाबरू नये. मेजर लीगचा किमान पगारच २०२५ मध्ये ७,६०,००० डॉलर होता, त्यापुढे ही फी किरकोळ. खरी किंमत जागेची. सव्वीसपैकी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, जास्तीत जास्त तेरा. सामना सुरू करणारे पाच स्टार्टर धरले तर बुलपेनमध्ये, म्हणजे मधून येणाऱ्या बदली पिचरांत, आठ उरतात. आजकाल कुठलाही क्लब या आठांतल्या दोन-तीन जागा सतत फिरत्या ठेवतो: काल तीन इनिंग टाकून थकलेला पोरगा आज ट्रिपल-एला (मायनरची सर्वांत वरची पातळी), तिथला ताजा हात आज वर. रूल फाइव्हचा पिचर घेतला की फिरत्या जागांतली एक कायमची जाम झाली. त्याचा भार बाकीच्या सात जणांच्या खांद्यांवर येतो, आणि तो हिशेब जुलैच्या उकाड्यात कळतो. बॅटरच्या बाजूला तर आणखी तंगी. तेरापैकी नऊ जण रोजचे, उरलेल्या चौघांत एक बदली कॅचर, एक इनफिल्डमध्ये कुठेही उभा राहणारा, एक चौथा आउटफिल्डर. राहिली एक खुर्ची.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हा: हा मुलगा सध्याच्या सध्या मेजरमध्ये कोणतं एक काम करू शकतो? बाकी सगळं कच्चं असलं तरी चालेल, पण एक काम आजच्या तारखेला पक्कं हवं. ते काम कोणतं चालतं, हे नियमांबरोबर बदलत असतं. पूर्वी डावखुऱ्या बॅटरला बाद करण्यापुरता येणारा डावखुरा रिलीव्हर (सामन्यात मधून येणारा पिचर) हा या ड्राफ्टचा ठरलेला गिऱ्हाईक असायचा. २०२० पासून पिचरला किमान तीन बॅटर खेळवावे लागतात किंवा इनिंग संपवावी लागते, त्यामुळे तो धंदा बसला. उलट जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर फुकट धावणारा आला, २०२३ पासून बेस मोठे झाले, पिचरच्या पिकऑफवर, म्हणजे बेसवरच्या धावणाऱ्याला बाद करायच्या फेकींवर, मर्यादा आली. त्यामुळे नुसते पाय वेगवान असलेल्या आउटफिल्डरची किंमत वाढली. जुनी ठोकताळ्याची वही घेऊन बसलात तर या दोन्ही गोष्टी निसटतील.

दुसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि मी पाहतो की तोच सगळ्यात कमी विचारला जातो: मूळ क्लबने याला का सोडलं? त्याला आपल्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं तिथे आहेत. चार-पाच वर्षं रोज पाहिलंय त्यांनी. आपल्याकडे आधी एकदा मोडलेलं स्थळ आलं की घरातली जाणती मंडळी मुलाचा पगार नंतर विचारतात, आधी ‘मोडलं कशामुळे’ ते काढतात. इथेही तसंच.

कारणं ढोबळमानाने चार प्रकारची सापडतात. पहिलं, गर्दी. चांगल्या क्लबचा चाळीसचा रोस्टर खचाखच भरलेला असतो आणि एखादा उपयोगी खेळाडू नाइलाजाने बाहेर राहतो. रायन नोडा याचं स्वच्छ उदाहरण. २०२२ मध्ये डॉजर्सच्या ट्रिपल-ए टीमकडून २५ होमरन, भरपूर वॉक (चार वाईट चेंडूंवर मिळणारा फुकटचा बेस), पण वर पहिल्या बेसवर फ्रेडी फ्रीमन ठाण मांडून बसलेला. ओकलंडने नोडाला उचललं, २०२३ मध्ये त्याने १६ होमरन मारले, ०.२२९ ची सरासरी असूनही ऑन-बेस, म्हणजे बेसवर पोचण्याचं प्रमाण, ०.३६४. पुढच्या वर्षी त्याची बॅट साफ आटली हेही खरं, पण ओकलंडने मोजलेल्या पैशांत एक आख्खा हंगाम रोजचा फर्स्ट बेसमन मिळाला. सोडण्याचं कारण जेव्हा सोडणाऱ्या क्लबच्या अडचणीत सापडतं, तेव्हा मी त्या नावाखाली रेघ मारतो.

दुसरं, दुखापत. गॅरेट व्हिटलॉक यँकीजचा अठराव्या फेरीतला पिचर, डबल-एपर्यंत (ट्रिपल-एच्या एक पायरी खाली) पोचलेला. २०१९ मध्ये कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, आणि २०२० चा मायनरचा हंगाम साथीमुळे झालाच नाही. त्यामुळे यँकीजने त्याला सोडलं तेव्हा बाहेरच्या कोणाकडेच त्याचे ताजे सामने नव्हते. रेड सॉक्सने घेतलं आणि २०२१ मध्ये त्याने ७३ इनिंगमध्ये १.९६ चा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी) काढला, ८१ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि फक्त १७ वॉक. ही गोष्ट ऐकून दरवर्षी कोणीतरी म्हणतं, चला, शस्त्रक्रियेतून उठलेला पिचर शोधू. त्यांना मी सांगतो, व्हिटलॉकचे जुने आकडे काढून बघा. दुखापतीच्या आधीही तो वॉक देण्यात कंजूस होता. कोपर दुरुस्त होतं. स्ट्राइक टाकता न येणं हा आजार ऑपरेशनने बरा होत नाही.

तिसरं कारण मैदानाबाहेरचं. जॉश हॅमिल्टन १९९९ च्या नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमधला पहिलाच खेळाडू. व्यसनामुळे निलंबन, २००३ ते २००५ खेळच नाही, २००६ मध्ये अगदी खालच्या पातळीवर मोजके सामने. कब्जने त्याला निवडून लगेच रेड्सला दिलं, आणि २००७ मध्ये ०.२९२ ची सरासरी, १९ होमरन. तीन वर्षांनी तो टेक्सासकडून अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू, झाला. इथे गुण कोणालाच शोधावे लागले नव्हते, ते जगजाहीर होते. जोखीम पेलायची माणसं आणि व्यवस्था आपल्याकडे आहे का, एवढंच रेड्सना ठरवायचं होतं. असा निर्णय अहवाल लिहिणाऱ्याने एकट्याने घ्यायचा नसतो.

चौथं कारण सर्वांत नेहमीचं: क्लबचा त्याच्यावरचा विश्वास उडालेला असतो. नाव याद्यांमध्ये राहतं, कारण याद्या जुन्या करारांच्या बोनसवर आणि शरीरयष्टीवर दोन वर्षं जास्त जगतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तुमच्या पाच-सहा नावांपैकी निम्मी या गटातली निघतील असा माझा अंदाज आहे. अशा मुलाला घ्यायचंच असेल तर त्याच्या क्लबला न दिसलेलं काय आपल्याला दिसलं, ते एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. लिहिता येत नसेल तर नाव खोडा.

आता आकडे कसे वाचायचे. उदाहरणासाठी एक काल्पनिक रिलीव्हर घेऊ. उजवा, वय २४, डबल-ए. ५५ इनिंग, ७५ स्ट्राइकआउट, ३० वॉक, ईआरए ४.४०. पहिल्या नजरेत वॉक डोळ्यांत खुपतात: त्याने साधारण २४० बॅटर खेळवले असतील तर साडेबारा टक्के. मेजरमध्ये एवढ्यावर कोणी सहा महिने तग धरत नाही. बहुतेक जण इथेच पान उलटतात. मी तारखा उघडतो. समजा पहिल्या २० इनिंगमध्ये २० वॉक आणि नंतरच्या ३५ इनिंगमध्ये १० आहेत. म्हणजे साधारण २१ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. आता तो तोच खेळाडू राहिला का? ते त्या दोन तुकड्यांच्या मधे काय घडलं त्यावर ठरेल. त्याने खाली बुडणारा सिंकर सोडून देऊन बाजूला वळणारा स्लायडर दुप्पट केला का, रबरवर (पिचरच्या पायाखालच्या पट्टीवर) उभं राहायची जागा बदलली का, स्टार्टरमधून बुलपेनमध्ये आला का? असं दाखवण्याजोगं कारण सापडलं तर दुसरा तुकडा खरा धरायला हरकत नाही. काहीच बदललेलं दिसत नसेल तर ती नशिबाची पंधरवड्यांची लाट असू शकते, आणि मी साडेबारा टक्केच धरतो.

मग आणखी एक गोष्ट, जी आकड्यांच्या पानावर दिसत नाही. मायनरमध्ये रिलीव्हरला जपून, ठरवून दिलेल्या विश्रांतीने खेळवतात. मेजरमध्ये मॅनेजर लागोपाठ दोन दिवस उठवणार. म्हणून त्या मुलाने पाठोपाठच्या दिवशी टाकलेले मोजके सामने शोधून दुसऱ्या दिवशीचा फास्टबॉल बघायचा. पहिल्या दिवशी ताशी ९६ मैल आणि दुसऱ्या दिवशी ९३ असेल, तर आपण ९६ चा नाही, ९३ चा पिचर घेतोय.

लीग आणि वर्ष पाहिल्याशिवाय कुठल्याही आकड्याला हात लावू नका. आल्बुकर्कीसारख्या पाच हजार फुटांवरच्या मैदानात चेंडू उडतो आणि स्लायडर वळत नाही. आल्बुकर्की ज्यात खेळतं त्या पॅसिफिक कोस्ट लीगमधला ५ चा ईआरए आणि दुसऱ्या ट्रिपल-ए लीगमधला ५ चा ईआरए यांची तुलना करायची नाही. २०२३ च्या हंगामाच्या पहिल्या टप्प्यात डबल-एच्या सदर्न लीगमध्ये प्रयोग म्हणून चिकट लेप दिलेला चेंडू वापरला होता, तेव्हा तिथे स्ट्राइकआउट भराभर वाढले. त्या महिन्यांच्या जोरावर कोणी एखाद्या पिचरची पाठ थोपटत असेल तर तारखा विचारा. ट्रिपल-एमध्ये २०२३ पासून २०२४ च्या मध्यापर्यंत आठवड्यातल्या काही सामन्यांत स्ट्राइक यंत्राने ठरत होते. तो झोन (चेंडू स्ट्राइक ठरण्याची चौकट) माणसाच्या झोनपेक्षा वेगळा, आणि त्यात पिचरचे वॉक फुगायचे, बॅटरचा संयम जरा जास्तच उजळ दिसायचा.

बॅटरच्या बाबतीत मी एकच गोष्ट अट्टहासाने बघतो: स्ट्राइक झोनमध्ये आलेल्या ९५ मैलांच्या वरच्या फास्टबॉलला त्याची बॅट लागते का? डबल-एमध्ये अशा चेंडूंची संख्या कमी असते, नमुना छोटा पडतो, त्यामुळे टक्केवारीपेक्षा व्हिडिओ बरा. होमरनची संख्या मी शेवटी बघतो. सर्वांत जोरात मारलेल्या फटक्यांचा वेग आधी, कारण तो थोड्या चेंडूंतही खरं बोलतो. आणि वय. डॅन अगला २००५ मध्ये डबल-एमध्ये २१ होमरन मारून पंचविशीत पोचला होता. ‘या वयाला या पातळीवर कोणीही मारेल’ असं म्हणून डायमंडबॅक्सनी सोडला असावा, हा माझा तर्क. मार्लिन्सनी घेतला आणि पुढच्याच वर्षी मेजरमध्ये २७ होमरन. वयाची सूट द्यायचीच, पण सेकंड बेसवर उभा राहून एवढी ताकद दाखवणारे फार नसतात, हेही त्याच कागदावर लिहायला हवं.

कच्च्या पोरांचं काय? पाद्रेजनी २०१७ मध्ये एकदम तिघांना वर्षभर सांभाळलं: कॅचर लुइस टोरेन्स, पिचर मिगेल दियास आणि शॉर्टस्टॉप आयेन कोर्दोबा. कोर्दोबाने आदल्या वर्षी मायनरच्या तळाच्या रूकी लीगमध्ये ०.३६२ ने मारलं होतं. तिथून तो थेट मेजरमध्ये आला, १०० सामन्यांत ०.२०८ वर राहिला आणि परत कधी मेजरमध्ये दिसला नाही. एकविशीतल्या मुलाने रोज चार वेळा बॅटिंग करत शिकायचं वर्ष बाकावर बसून घालवलं, तर त्याची किंमत तोही मोजतो. माझ्या मते हा या ड्राफ्टमधला सर्वांत मोठा अन्याय आहे, पण त्याचा हिशेब क्लबच्या वहीत कुठे येत नाही. अकील बडूला मात्र हीच उडी साधली: डबल-एच्या खालच्या हाय-ए पातळीच्या वर न खेळलेला, टायगर्सनी ट्विन्सकडून घेतला, ४ एप्रिल २०२१ रोजी मेजरमधल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर होमरन, दुसऱ्या दिवशी ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन), वर्षअखेर १३ होमरन. पुढच्या वर्षी सरासरी ०.२०४. दोन्ही वर्षं एकत्र धरून अंदाज बांधा.

योहान सँटानाचं नाव कोणीतरी काढणारच, म्हणून तेही सांगून टाकतो. १९९९ च्या डिसेंबरमध्ये अॅस्ट्रॉसच्या ए पातळीवरून उचललेला वीस वर्षांचा डावखुरा. मार्लिन्सनी निवडून ट्विन्सला दिला. २००० मध्ये ८६ इनिंग, ५४ वॉक, ईआरए ६.४९. ट्विन्स त्या वर्षी ९३ सामने हरले, म्हणून ते सहन झालं. २००२ मध्ये त्याला पुन्हा ट्रिपल-एला पाठवून चेंजअप (फसवा हळू चेंडू) घासून घेतला, आणि मग २००४ व २००६ चे साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचे पुरस्कार. पण तेव्हा मुदत एक वर्षाने कमी होती. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २००६ च्या करारानंतर क्लबांना प्रत्येक खेळाडू एक वर्ष जास्त तपासायला मिळतो, त्यामुळे वीस वर्षांचे सँटाना आता उघड्यावर सापडत नाहीत. पुढे थोर ठरलेल्या रोबेर्तो क्लेमेंटेचं तर सोडूनच द्या. १९५४ मध्ये पायरेट्सनी त्याला डॉजर्सकडून ४,००० डॉलरला घेतलं ते बोनसच्या एका जुन्या नियमामुळे, आणि तो नियम कधीच इतिहासजमा झाला. गोष्ट म्हणून सुंदर आहे.

आजच्या काळातला नमुना हवा असेल तर शेन स्मिथ बघा. २०२४ मध्ये १२१ सामने हरलेल्या व्हाइट सॉक्सनी पहिल्या क्रमांकावर त्याला ब्रुअर्सकडून घेतलं. ट्रिपल-ए गाठलेला, स्ट्राइक टाकणारा, बुलपेनमधूनही येणारा. व्हाइट सॉक्सनी त्याला स्टार्टर केलं, हिवाळ्यात घोटवलेला चेंजअप त्याने मैदानात आणला, आणि २०२५ मध्ये तो ऑल-स्टार झाला, हंगामाचा ईआरए ३.८१. त्याच्या आधीच्या वर्षी अॅथलेटिक्सनी याच पद्धतीने यँकीजचा मिच स्पेन्स घेतला होता आणि त्याने १५१ इनिंग टाकून दिल्या. ना स्मिथचं नाव याद्यांच्या माथ्यावर होतं, ना स्पेन्सचं. दोघेही स्ट्राइक टाकत होते आणि ट्रिपल-एला खेळून झाले होते.

आता तुमच्याबद्दल. तुमची टीम खालून चौथी आहे, म्हणजे एक जागा वर्षभर अडवणं तुम्हाला परवडतं. बुलपेनमध्ये एका दमात जास्त इनिंग टाकणाऱ्याची खुर्ची मोकळी असेल तर ट्रिपल-ए पाहिलेला, वॉक आठ-नऊ टक्क्यांच्या आत ठेवणारा पिचर शोधा, वय पंचवीस असलं तरी चालेल. बदली कॅचर ही तुमची दुखरी बाजू असेल तर तिकडेही बघायला हरकत नाही. मार्लिन्सनी लियम हिक्सला टायगर्सकडून घेऊन २०२५ चा हंगाम काढलाच. दोनपैकी एकच जागा वापरा. दुसरी मोकळी ठेवा, कारण मार्चमध्ये इतर क्लब आपले रूल फाइव्हवाले वेव्हर्सवर टाकायला लागतात. त्यांच्यावर अट तीच राहते, पण तोवर स्प्रिंग ट्रेनिंगचे सामने फुकटात बघून झालेले असतात. माइक व्हासिलला २०२४ मध्ये मेट्सकडून फिलीजने निवडलं, तिथून तो रेजकडे गेला, आणि शेवटी व्हाइट सॉक्सने वेव्हर्सवरून घेऊन २०२५ मध्ये त्याच्याकडून १०० हून अधिक इनिंग काढून घेतल्या.

आठ नावं लिहा आणि प्रत्येकापुढे खुर्ची लिहा. पहिल्या तीन क्लबांनी तुमची वरची नावं नेली आणि तुमची पाळी येईपर्यंत खुर्चीला जुळणारं एकही उरलं नाही, तर सरळ ‘पास’ म्हणा. त्यानंतर लगेच याच ड्राफ्टचा मायनर लीगचा टप्पा असतो. तिथे फी २४,००० डॉलर आणि रोस्टरवर ठेवायची सक्ती नाही. याद्यांमधल्या ज्या कच्च्या पोरावर तुमचा जीव जडलाय, तसा एखादा तिथे मिळतो का ते बघा.